नेपच्यूनची ओली पावलं आणि कोपऱ्यातला झाडूवाला : रेक्स व्हिस्लर

काठावरची
नमस्कार मंडळी, बऱ्याच महिन्यांनी लिहितेय, फोनवरून टाइप करतेय तर ऱ्हस्वदीर्घ पोटात घाला.

मागच्या उन्हाळ्यात आई इकडे इंग्लंडात आली होती. किल्ले, चर्च, राजवाडे बघून तिसऱ्या दिवशी कंटाळली. "सगळीकडे तेच ते, मोठ्ठं टेबल आणि त्यावर न जेवलेल्या प्लेटी" हे तिचं इंग्लिश वाड्यांबद्दलचं मत. तरी नॅशनल ट्रस्टची (जुने वाडे-बागा जपणारी संस्था) मेंबरशिप घेतलेली, पैसे वसूल करायचे म्हणून तिला वेल्समधे अँगलसी बेटावर प्लास नेविदला घेऊन गेले (स्पेलिंग वाचून उच्चार करायला जाऊ नका, जीभ अडकते. अर्थ सोपा आहे, नवा वाडा). जेवणाच्या खोलीत शिरलो, एका बाजूला खिडक्या, बाहेर मेनायची सामुद्रधुनी आणि पलीकडे स्नोडोनियाचे डोंगर, आणि समोरच्या अख्ख्या भिंतीवर परत समुद्र, परत डोंगर, गलबतं, बंदर, घुमट, मनोरे. मी खिडकीकडे बघत होते. आई भिंतीकडे. आणि एकदम म्हणाली, "अगं हे ओले पाय कुणाचे? आत्ता कोण आलं इथून?"

खरंच, चित्रातल्या फरशीवर ओल्या पावलांचे ठसे. समुद्रदेव नेपच्यून पाण्यातून वर आलाय, मुकुट आणि त्रिशूळ तिथेच ठेवलाय आणि ओल्या पायांनी तडक आपल्या खोलीत आलाय, म्हणजे आपल्या मागेच कुठेतरी उभा असणार. पायरीवर कुणीतरी जळती सिगरेट ठेवून गेलंय. आई, जी तीन दिवस पाय दुखतात म्हणत होती, ती त्या खोलीत पाऊण तास उभी राहिली.

तर हे रंगवणारा रेक्स व्हिस्लर. तेव्हापासून त्याच्यामागे लागलेय, जे वाचलं-बघितलं ते इथे ओततेय.

जन्म २४ जून १९०५, लंडनच्या कडेला एल्थममधे. वडील बांधकाम-जमिनीच्या धंद्यातले, आई पाद्र्याची मुलगी, म्हणजे मध्यमवर्ग, खाऊनपिऊन सुखी, पण नंतर आयुष्यभर तो ज्या लोकांत वावरला त्यांच्या मानाने काहीच नाही. हेलीबरीच्या बोर्डिंग शाळेत वह्यांत चित्रं काढण्यात वेळ. मग रॉयल अकॅडमीच्या शाळेत घेतलं आणि थोड्याच दिवसांत 'जमत नाही' म्हणून काढलं! तिथून १९२२ ला लंडनच्याच स्लेड या कलाशाळेत. तिथे हेन्री टाँक्स नावाचे खडूस मास्तर, मूळचे सर्जन, चित्रकलेसाठी सर्जरी सोडलेले, भल्याभल्यांना रडवायचे, पण या पोरावर मात्र बेहद्द खूश. स्लेडमधेच त्याला स्टीफन टेनंट हा अतिश्रीमंत, अतिनाजूक मित्र मिळाला आणि त्याच्यामुळे मोठ्या घरांचे दरवाजे उघडले. त्याच मंडळींत ईडिथ ऑलिव्हिए भेटली, विल्टनची लेखिका, वयाने तीसेक वर्षं मोठी, पुढे तिथली मेयर झाली. दोघांची मैत्री त्याच्या मरणापर्यंत टिकली, आणि माझ्या मते त्याला खरं ओळखणारी तीच एक.

टाँक्सने १९२४ मधे त्याला आणि मेरी ॲडशेड या वर्गातल्या मुलीला पूर्व लंडनमधे शॅडवेलला गरीब मुलांच्या क्लबच्या भिंती रंगवायला पाठवलं. ते काम बघून पुढचं मिळालं, टेट गॅलरीच्या तळघरातली खानपानाची खोली. वय २१. दीड वर्षं खपून १९२७ च्या नोव्हेंबरात पूर्ण. गोष्ट त्याने आणि ईडिथने मिळून रचलेली, कोरडी बिस्किटं खाऊन कंटाळलेल्या एका राज्यातून ड्यूक, राजकन्या आणि मंडळी दुर्मिळ खाद्यांच्या शोधात निघतात, घोड्यावर, गाडीत, चक्क सायकलवरसुद्धा. लोक खुळावले. दोनच महिन्यांत, जानेवारी १९२८ ला थेम्सला पूर आला, टेटच्या तळघरात पाणी भरलं, ही खोलीपण बुडाली, आणि चित्रं तरीही वाचली.

मग कामांची रांग लागली. पुस्तकांची चित्रं, बॅलेचे आणि नाटकांचे पडदे, शेल पेट्रोलच्या जाहिराती, वेजवुडच्या कपबश्या, उलटसुलट धरून बघायचे चेहरे (सरळ धरला तर पोलीस, उलटा केला की दुसराच कोणीतरी). कुठलंच काम कमी समजायचा नाही. यामुळेच मोठ्या समीक्षकांनी त्याला जरा खालच्या पाटावर बसवला, 'सजावटवाला' म्हणून. सर फिलिप ससूनच्या पोर्ट लिम्नच्या घरात त्याने एका खोलीचं छत आणि भिंती अशा रंगवल्या की पट्ट्यापट्ट्यांच्या तंबूत बसल्यासारखं वाटतं.

आणि मग प्लास नेविद. १९३६ ते ३८ च्या दरम्यानचं काम. ५८ फुटांचा एकसलग कॅनव्हास, जोड नाही. मार्क्वेस ऑफ अँगलसी या उमरावाचं घर, आणि रेक्स त्यांच्या थोरल्या मुलीच्या, लेडी कॅरोलाइन पॅजेटच्या प्रेमात. ती काही त्याच्या प्रेमात नव्हती, किंवा त्याला हवं तसं नव्हती. तो पत्रं लिहायचा, पत्रांत चित्रं काढायचा. भिंतीवर एका टोकाला रोमिओ-ज्युलिएट आहेत, सज्जात ती आणि खाली उभा हा. आता दुसरा कोपरा बघा. तिथे खांबांच्या ओळीत एक माळ्याचा गडी हातात झाडू घेऊन पानं झाडतोय आणि आपल्याकडे बघतोय. तोही रेक्सच. एवढी मोठी दुनिया स्वतः उभी केली आणि स्वतःला ठेवलं कुठे, तर कोपऱ्यात, नोकर म्हणून. मी त्या कोपऱ्यापुढे बराच वेळ उभी होते. जेवायच्या वेळी तो टेबलावर त्यांच्याबरोबर बसत असणार, पाहुणाच होता, काट्याचमच्याने खात असणार, आणि मागे भिंतीवर हा.

शेवटचं मोठं काम हॅम्पशरमधे मॉटिसफाँटला, मॉड रसेल या बाईंच्या घरी. सपाट भिंती, पण वाटतं की गॉथिक कमानी, कोरीव प्लास्टर, कोनाडे. सगळं ब्रशने. तिथे वर कॉर्निसपाशी (छताखालची पट्टी), खालून दिसणार नाही असं, एक रंगाचं छोटं भांडं रंगवलंय, विसरून राहिल्यासारखं, आणि बाजूला बारीक अक्षरात लिहिलंय की मी हा अर्मिनचा (पांढऱ्या फरचा) पडदा रंगवत असताना ब्रिटनने नाझी जुलूमशहांविरुद्ध युद्ध पुकारलं, रविवार ३ सप्टेंबर १९३९.

वय ३४. युद्धचित्रकार होऊन मागे राहता आलं असतं. नाही राहिला. १९४० मधे वेल्श गार्ड्समधे अफसर. नवीन युनिफॉर्म आल्यावर रीजंट्स पार्कजवळच्या एका गच्चीत बसून स्वतःचं चित्र काढलं, ते आता नॅशनल आर्मी म्युझियममधे आहे, गणवेश नवाकोरा आणि चेहरा मात्र पार्टीतून लवकर निघालेल्या माणसासारखा. १९४४ ला फ्रान्सला जायच्या आधी ब्रायटनमधे एका रिकाम्या घरात मुक्काम होता तिथल्या भिंतीवर त्याने जाडजूड, जवळपास उघड्या प्रिन्स रीजंटला (पुढे राजा झालेला चौथा जॉर्ज) पंख लावून झोपलेल्या ब्रायटनसुंदरीला जागं करताना रंगवलं. तो भाग नंतर भिंतीवरून काढून जपला, आता ब्रायटन पॅव्हिलियनमधे आहे.

१८ जुलै १९४४, नॉर्मंडी, काँ शहराजवळ. लढाईतला त्याचा पहिला दिवस. त्याच दिवशी गेला. ३९ वर्षांचा. टँकच्या मागे रंग-ब्रशची पत्र्याची पेटी लावून घेतली होती त्याने.

आई परत गेली सप्टेंबरमधे. अजून कुणी विचारलं इंग्लंडात काय बघितलं की ओल्या पावलांचंच सांगते.

---

डिंकाचा लाडू
भारी लिहिलंयस. वाचनखूण साठवली. एक बावळट प्रश्न, व्हिस्लर म्हणजे तो आईचं काळंकरडं चित्र काढणारा ना? खुर्चीत बाजूने बसलेली म्हातारी. तो एवढा नवा आहे??

---

काठावरची
नाही नाही, तो जेम्स व्हिस्लर, अमेरिकन, १९०३ लाच वारला, नात्यागोत्याचे नव्हेत. गंमत म्हणजे त्यानेही एका लंडनच्या घराची जेवणाची खोली रंगवली होती, मोरांची, १८७६-७७ मधे, मालक काही दिवस बाहेर तेवढ्यात याने निळ्यासोनेरी रंगात बुडवून टाकली आणि मग बिलावरून कडाक्याचं भांडण. ती खोली सगळीच्या सगळी उचलून अमेरिकेत नेली, वॉशिंग्टनला आहे. व्हिस्लर आडनाव असेल तर जेवणघर सांभाळा :)

---

चुनाकात
लेख आवडला. एक तांत्रिक पुरवणी, कारण 'भित्तिचित्र' म्हटलं की लोक फ्रेस्को समजतात. फ्रेस्को म्हणजे ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर पाण्यात कालवलेला रंग, गिलावा वाळताना रंग आत पकडला जातो. इटलीत ठीक. इंग्लंडमधे भिंतीत ओल, हवेत कोळशाचा धूर, तिथे हे प्रकरण लय वेळा फसलंय. १८४० च्या दशकात पार्लमेंटच्या नव्या इमारतीत मोठ्या हौसेने फ्रेस्को करायला घेतले आणि थोड्याच वर्षांत पोपडे. ऑक्सफर्ड युनियनच्या भिंतींवर १८५७ ला रोझेटी, मॉरिस, बर्न-जोन्स या पोरांनी नीट गिलावा न करता सरळ चुना मारलेल्या विटांवर रंगवलं, बघता बघता पुसट. म्हणून मग शहाणे लोक तैलरंग, कॅनव्हासवर, आणि कॅनव्हास भिंतीला चिकटवायचा. व्हिस्लरने तेच केलं. टेटचं पण कॅनव्हासवरच आहे, तेलात मेण घालून. पुरातून वाचण्याचं श्रेय मी तरी त्या मेणाला देईन.
आणि आपल्याकडे अजिंठ्याला 'फ्रेस्को' म्हणायची जी सवय आहे ती पण सोडा. तिथे मातीच्या गिलाव्यावर, वाळलेल्या पृष्ठभागावर, डिंकासारख्या बांधणीत रंग आहे. शाळेच्या पुस्तकात काय छापलंय ते जाऊ द्या.

---

पेंटरबाबू
मी साइनबोर्ड लिहायचो, फ्लेक्स आल्यावर बंद केलं, आता पोरगा फ्लेक्सच छापतो, असो. मला त्या ओल्या पावलांच्यात इंटरेस्ट आहे. डोळा फसवायचा असेल ना तर ड्रॉइंग येऊन भागत नाही. सावली महत्त्वाची. खोलीत खरा उजेड ज्या खिडकीतून येतो त्याच बाजूने चित्रातला उजेड पाहिजे. एक सावली उलटी पडली की खेळ खलास, माणसाला कळत नाही काय चुकलं पण डोळा फसत नाही. दुसरं म्हणजे बघणारा कुठे उभा राहणार. बोर्डाला एकच जागा असते, रस्त्यापलीकडची. खोलीत माणूस फिरतो. ५८ फूट म्हणजे एका टोकाला बरोबर दिसणारी फरशी दुसऱ्या टोकाहून वाकडी दिसायला पाहिजे. तिथे काय केलं त्याने?

---

काठावरची
पेंटरबाबू, दंडवत, हाच प्रश्न मी तिथल्या स्वयंसेवक आजोबांना विचारला तर ते एकदम फुलले, म्हणाले चालत चालत बघा. आणि खरंच, चालताना चित्रातला धक्का, पायऱ्या, डोंगर आपल्याबरोबर सरकल्यासारखे वाटतात. एकच बिंदू धरून काढलेलं नाही, वेगवेगळ्या जागांसाठी वेगवेगळं जमवलंय आणि सांधे पाण्यात आणि आकाशात लपवलेत. मला तरी असं वाटलं. सावलीचं तुम्ही म्हणता ते आता परत जाऊन बघावं लागणार, तेव्हा डोक्यातच नव्हतं.

---

लंडनचा पाऊस
अवांतर आहे पण आपल्याशी जोडलेलं. एडविना माउंटबॅटनच्या लंडनमधल्या ब्रूक हाउस पेंटहाउसमधे तिच्या खोलीची पॅनेलं याच रेक्स व्हिस्लरने केलेली, १९३७ च्या आसपास. दहा वर्षांनी त्या बाई दिल्लीला आल्या.
आणि दिल्लीवरून आठवलं, टेटचं जेवणघर रंगवून झालं त्याच काळात मुंबईच्या जेजेमधे ग्लॅडस्टन सॉलोमन डायरेक्टर होते, त्यांनी १९२० च्या सुमारास म्युरलचा, म्हणजे भित्तिचित्रांचा, खास वर्ग सुरू केला होता, आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी नव्या दिल्लीच्या सेक्रेटरिएटमधे भिंती रंगवल्या, १९२८-२९ च्या सुमारास. तिकडे ड्यूक खाऊ शोधतोय, इकडे आपली पोरं कमानींत बसून कलांच्या देवता रंगवतायत. किती जणांनी ती बघितलीयेत? मी तरी नाही. सरकारी ऑफिस, आत कोण सोडणार.

---

तिरकस
लेख छान, सगळे छान छान म्हणतायत, मी जरा मीठ टाकतो. टेटच्या जेवणघराबद्दल एक परिच्छेद लिहिलात, 'लोक खुळावले' म्हणालात, पूर आला म्हणालात. त्या भिंतीवर एका काळ्या लहान मुलाला आईपासून ओढून नेतायत आणि पुढे त्याच मुलाला गाडीला दोरीने बांधून फरफटत नेतायत हे राहिलं का? त्याची आई उघडी, झाडावर चढून बसलेली. चिनी माणसांची व्यंगचित्रं पण आहेत. मुद्दाम गाळलंत की दिसलं नाही?

---

काठावरची
मुद्दाम.

म्हणजे मसुद्यात होतं, मग काढलं. आईची गोष्ट सांगायची होती, त्यात ते कुठे बसत नव्हतं, असं स्वतःला सांगितलं. तुम्ही विचारलं ते बरं झालं.

तर राहिलेलं लिहिते. ते तपशील लहान आहेत, काही इंचांचे, दूर जंगलात, झाडीच्या कडेला. सायकलवाला, राजकन्या हे डोळ्यांच्या उंचीवर. ९० वर्षं लोक तिथे बसून जेवले. २०१३ मधे टेट ब्रिटनचं (त्याच टेट गॅलरीचं आताचं नाव) मोठं नूतनीकरण झालं, त्यात भित्तिचित्रही साफसूफ केलं. २०२० मधे दोन तरुण समीक्षक बायकांनी ऑनलाइन हा प्रश्न लावून धरला, सह्यांची मोहीम झाली. करोनामुळे रेस्टॉरंट बंद होतंच. टेटच्या नैतिकता समितीने चित्र अपमानास्पद असल्याचं नोंदवलं. इमारत संरक्षित, त्यामुळे चित्र काढता येत नाही. २०२२ मधे जाहीर केलं की तिथे परत जेवणघर होणार नाही. आणि २०२४ मधे कीथ पायपर या कृष्णवर्णीय ब्रिटिश कलाकाराची फिल्म त्याच खोलीत लावली, दोन पडद्यांवर, त्यात एक प्राध्यापिका रेक्स व्हिस्लरला समोर बसवून उलटतपासणी घेते, हे काय काढलंस, का काढलंस.

मी ते सगळं वाचल्यावर मला प्लास नेविदचा कोपरा आठवला. जो माणूस स्वतःला कोपऱ्यात ठेवायचा आणि कोपऱ्यातच खरं बोलायचा, कारण मॉटिसफाँटचं रंगाचं भांडं पण कोपऱ्यातच, त्याच्या टेटच्या कोपऱ्यात ते पोर आहे. मग ते 'सहज' काढलं असं मी म्हणू शकत नाही. कोपरा त्याच्यासाठी रिकामी जागा नव्हती.

---

सहज वाचक
हे मला पटत नाही. २१-२२ वर्षांचा पोरगा, १९२६ साल, साम्राज्याच्या ऐन भरात, अशी व्यंगं तेव्हा प्रत्येक मासिकात. आजच्या चष्म्यातून बघून त्याची खोली बंद करायची? उद्या मग आपल्याकडच्या किती भिंती झाकणार? चित्र आहे तसं ठेवा, बाजूला पाटी लावा, लोकांना ठरवू द्या.

---

तिरकस
चित्र आहे तसंच ठेवलंय की! कुणी झाकलेलं नाही. फक्त तिथे स्टेक मिळत नाही. जेवण बंद झालं याचं एवढं दुःख का?

---

मोहरीचा कडकडाट
हसून हसून पुरेवाट @ स्टेक. पण सहज वाचक यांचं 'तेव्हा सगळेच' हे नेहमीचं आहे, तेव्हा शॅडवेलच्या क्लबात गरीब पोरांसाठी भिंत रंगवणारा पण हाच होता, म्हणजे त्याला माणसं दिसत होती. दोन्ही एकाच हाताने झालंय, एक निवडून दुसरं टाकता येत नाही.

---

सातासमुद्रापार काका
मी तिथे जेवलोय. २०१५, ऑफिसच्या एका साहेबाच्या रिटायरमेंटचं लंच. त्यांची वाइन लिस्ट फार नावाजलेली, साहेबाला वाइनची आवड म्हणून तिथे. मला दारूतलं काही कळत नाही, मी भिंत बघत बसलो. सायकल बघितली, हसलो, शेजारच्या गोऱ्या सहकाऱ्याला पण दाखवली. टेबलावर आम्ही दोघं ब्राउन, एक नायजेरियन मुलगी होती, तिची खुर्ची भिंतीकडे तोंड करून. तिने काही म्हटलं नाही. मी पाच वर्षांनी बातमी वाचली तेव्हा फोटो मोठा करून त्या दोरीकडे बघितलं आणि पहिला विचार हाच आला की तिला दिसलं असेल का. तिला विचारायला नंबर नाही आता माझ्याकडे. बाकी तुमचं चालू द्या.

---

सहज वाचक
काका, यावर काही बोलता येत नाही. मी पाटीचा मुद्दा सोडत नाही, पण जेवण बंद झालं ते ठीक.

---

बोरूबहाद्दर
उशिरा आलो. माजी फौजी, म्हणून शेवटच्या दिवसाबद्दल थोडं. सेकंड वेल्श गार्ड्स म्हणजे गार्ड्स आर्मर्ड डिव्हिजनची टेहळणी रेजिमेंट, क्रॉमवेल टँक. १८ जुलै म्हणजे ऑपरेशन गुडवुड, काँच्या पूर्वेकडून टँकांचे लोंढे सोडले होते. याचा टँक तारांत अडकला, पट्ट्यांमधे तार गुंतली की टँक म्हणजे लोखंडाचा डबा. क्रूसकट खाली उतरून तार सोडवायला गेले आणि मशीनगनचा मारा सुरू झाला, परत आत शिरता येईना. तेव्हा हा उघड्या मैदानातून दुसऱ्या टँककडे पळत गेला, त्याला प्रत्युत्तर द्यायला सांगायला. सांगून झालं, आणि तिथेच उखळी तोफेचा गोळा पडला. जागच्या जागी. नॉर्मंडीत त्या बटालियनचा पहिला बळी हाच.
आणखी एक, त्याच्याकडे बटालियनच्या दफनाची जबाबदारी दिली होती, टँकमधे लाकडी क्रॉस घेऊन फिरायचा, २० एक. त्याच्या हाताखालच्या पोरांना ते अपशकुनी वाटायचं. फौजेत असले शकुन अपशकुन फार चालतात, मी स्वतः कधी तेरा नंबरच्या गाडीत बसलो नाही. कबर बानव्हिल-ला-कांपान्यच्या युद्धस्मशानात आहे.
एक मात्र मान्य करायला हवं. ३९ वर्षांचा ट्रूप लीडर (टँकांच्या छोट्या तुकडीचा प्रमुख) म्हणजे आमच्या हिशोबाने म्हातारा. त्याच्या आसपासचे अफसर विशीतले असणार. तरी पळाला.

---

डिंकाचा लाडू
२० क्रॉस वाचून काटा आला अंगावर. त्याच्या मागे कोण होतं?

---

काठावरची
धाकटा भाऊ, लॉरेन्स. तो कवी आणि काचेवर कोरीव काम करणारा, अगदी निष्णात. रेक्सबद्दल आयुष्यभर लिहीत राहिला. सॉल्सबरी कॅथेड्रलजवळ रेक्सने आईवडलांसाठी घर घेतलं होतं, आणि त्याच कॅथेड्रलमधे लॉरेन्सने कोरलेला काचेचा लोलक भावाची आठवण म्हणून ठेवलाय, १९८५ पासून, गोल गोल फिरतो. ईडिथ ऑलिव्हिए १९४८ ला गेली. कॅरोलाइनने १९४९ मधे दुसऱ्याशी लग्न केलं. टाइम्सला म्हणे युद्धात मेलेल्या इतर कुणापेक्षा याच्याबद्दल जास्त पत्रं आली होती.
@बोरूबहाद्दर, फार आभार, हे इतकं नीट माहीत नव्हतं.

---

पेंटरबाबू
पोराने फोटो मोठे करून दाखवले प्लास नेविदचे. सावली बरोबर आहे. खिडक्यांचा उजेड धरूनच काढलंय. झाडूवाल्याच्या पायाची सावली पण. मी झूम करून करून बघितली.
आमच्या उस्तादांनी एकदा टॉकीजच्या बॅनरमधे गर्दीत स्वतःचं तोंड घातलं होतं, मालकाने ओळखलं आणि पंधरा रुपये कापले.

---

तिरकस
पंधरा रुपये :) व्हिस्लरचे कापले नसतील.

---

लंडनचा पाऊस
या धाग्यामुळे काल मॉटिसफाँटला जाऊन आलो, बायको मुलांसकट. त्या खोलीत उभं राहून 'हे प्लास्टर आहे' असं मुलगा शपथेवर सांगत होता, हात लावू देत नाहीत म्हणून पैज तशीच राहिली. रंगाचं भांडं कुठे ते विचारलं, तर तिथल्या बाईंनी वर बोट दाखवलं आणि म्हणाल्या खालून शोधू नका, मान दुखेल. तरी शोधलं. नाही दिसलं. मान दुखतेय.
ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी, तिथली जुन्या गुलाबांची बाग प्रसिद्ध आहे, जूनमधे बहर आणि तेवढीच गर्दी, पार्किंगसाठी दहाच्या आत पोचा. आणि रॉमसे गाव जवळच आहे, माउंटबॅटनचं ब्रॉडलँड्स तिथलंच. चहाच्या खोलीतला स्कोन मोठा आहे, दोघांत एक पुरतो.

---

काठावरची
आईला कळवलं. म्हणाली पुढच्या जूनचं तिकीट बघ, गुडघ्याचा पट्टा घेऊन येते.